मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेतील साधने : स्वरूप, कार्य व मर्यादा

प्रस्तावना

काही दिवसांपूर्वी बैहर येथील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने वर्ग सुटल्यावर एक घडी घातलेला कागद पुढे केला. तो त्याच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज होता. कागदावर लिहिले होते : पेडिकल स्क्रू ४, रॉड २, इनर स्क्रू ४, पीक केज १. घरात दोन प्रश्नांवर वाद चालू होता. पहिला प्रश्न असा की हे लोखंड शरीरात सडणार तर नाही ना? दुसरा असा की त्यासाठी धानाची शेती गहाण टाकावी की टाकू नये? विद्यार्थी विज्ञान शाखेचा होता. तरीही त्या कागदावरील एकाही शब्दाचा अर्थ त्याला लागत नव्हता.

बैहर व परसवाड्याकडील कुटुंबांत महाविद्यालयातील अध्यापक हाच पुष्कळदा वैद्यकीय कागद वाचून दाखविणारा पहिला माणूस असतो. मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी येथील रुग्णाला बालाघाट, गोंदिया, नागपूर किंवा जबलपूर गाठावे लागते. तेथे डॉक्टरांशी बोलण्यास मिळणारा वेळ थोडा असतो आणि निर्णय मात्र मोठा असतो. म्हणून ही साधने काय आहेत, ती कोणते काम करतात, कोणते करू शकत नाहीत, आणि संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. उपचाराचा सल्ला देणे हा लेखाचा हेतू नाही. तो अधिकार तज्ज्ञ डॉक्टरांचा आहे. विचारणाऱ्याला नेमका प्रश्न विचारता यावा, एवढाच हेतू आहे.

१. पाठीचा कणा आणि 'संधान' ही कल्पना

मनुष्याच्या कण्यात बालपणी ३३ मणके असतात : मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५, त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडात साधारणतः ४. त्रिकास्थीचे पाच मणके तरुणपणापर्यंत एकमेकांशी जोडले जाऊन त्यांचे एकच हाड बनते. म्हणजे मणके जोडणे ही क्रिया निसर्गाला परकी नाही. निसर्गाने हालचाल जेथे नको तेथे हाडे जोडली आणि जेथे हवी तेथे मध्ये चकती ठेवली. या चकतीलाच आपण बोलताना 'गादी' म्हणतो.

कण्याची कामे तीन आहेत. शरीराचा भार पेलणे, वाकणे-वळणे शक्य करणे आणि आतील मज्जारज्जू व नसांचे रक्षण करणे. एखादे दोन मणके अपघाताने मोडले, क्षयरोगाने पोखरले गेले, किंवा एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकला, तर तीनही कामे एकदम बिघडतात. अशा वेळी त्या जागेवरील हालचाल कायमची बंद करून उरलेली दोन कामे वाचविणे, हा मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा म्हणजे 'स्पायनल फ्युजन'चा गाभा आहे. येथे भार आणि संरक्षण मिळविण्यासाठी हालचालीचा त्याग केला जातो, हे कुटुंबाला आरंभीच सांगितले पाहिजे.

यातूनच दुसरी, त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे येते. मणके जोडते ते हाड, धातू नव्हे. शल्यचिकित्सक मणक्यांच्या मध्ये किंवा बाजूला हाडाचे तुकडे ठेवतात. त्यास अस्थिरोपण म्हणतात. त्या तुकड्यांतून नवे हाड तयार होऊन दोन मणक्यांत पूल बांधला जाण्यास काही महिने, पुष्कळदा वर्षभर लागते. स्क्रू व रॉड हे या काळातील टेकू आहेत. घराचा स्लॅब ओतल्यावर काँक्रीट पक्के होईपर्यंत खाली सेंट्रिंग ठेवतात, तसेच हे समजावे. फरक एवढाच की येथे सेंट्रिंग बहुधा काढून घेत नाहीत.

२. ऐतिहासिक आढावा

कण्याच्या विकारांवर हाताने व ताण देऊन उपचार करण्याची परंपरा प्राचीन आहे. कॉर्डोबा येथील अबुल कासिम अल-जहरावी (मृत्यू १०१३) यांनी 'किताब अल-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात शस्त्रक्रियेचे विवेचन उपकरणांच्या आकृत्यांसह केले. बाराव्या शतकात त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपातील शल्यचिकित्सक पुढे काही शतके तो अभ्यासत राहिले. १४६५ मध्ये अनातोलियातील शरफुद्दीन साबुंजुओग्लू यांनी तुर्की भाषेत शस्त्रक्रियेचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. मात्र या सर्व काळात उपाय शरीराच्या बाहेरून होत असे. जंतुसंसर्गावर ताबा मिळेपर्यंत कण्यात धातू बसविणे शक्य नव्हते.

१८९१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास प्रांतात बर्थोल्ड हाड्रा यांनी मानेच्या मोडलेल्या मणक्यांची टोके तारेने बांधली. कण्याच्या आतील स्थिरीकरणाचा आरंभ येथून मानतात. १९११ मध्ये न्यूयॉर्क येथे फ्रेड आल्बी व रसेल हिब्स या दोघांनी स्वतंत्रपणे हाडाच्या साहाय्याने मणके जोडण्याची पद्धत मांडली. आल्बी यांनी त्यासाठी रुग्णाच्या नडगीचे हाड वापरले. दोघांच्याही पुढे होता तो मणक्याचा क्षयरोग. आज ज्या शस्त्रक्रियेकडे आपण शहरी, महागडा उपचार म्हणून पाहतो, तिचा जन्म गरिबांच्या रोगातून झाला आहे. त्या वेळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा आहे.

पुढील टप्पा पोलिओमुळे आला. ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे पोलिओने पाठ वाकडी झालेली मुले येत. त्यांनी हूक व दांडा वापरून कणा सरळ करण्याची पद्धत विकसित केली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. अनुभवातून एक धडा मिळाला : नुसता दांडा बसवून हाड जोडले नाही, तर दांडा कालांतराने तुटतो किंवा हूक सुटतो. 'हाड जोडते, धातू धरून ठेवतो' हा नियम येथे सिद्ध झाला.

फ्रान्समध्ये रेमंड रॉय-कामिय यांनी १९६३ पासून मणक्याच्या मागील कमानीतून पुढील भागात जाणारा स्क्रू वापरण्यास सुरुवात केली. १९८० च्या दशकात ही पद्धत जगभर पसरली. मणक्यांच्या मधील जागेत बसविण्याच्या पिंजऱ्याची म्हणजे 'केज'ची कथा मजेशीर आहे. जॉर्ज बॅग्बी यांनी घोड्यांच्या मानेच्या विकारासाठी छिद्रे असलेली पोलादी टोपली तयार केली होती. तिच्यापासून विकसित झालेल्या माणसांसाठीच्या केजला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ मध्ये मान्यता दिली.

३. साधनांचे प्रकार व कार्य

(अ) पेडिकल स्क्रू : प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूस उजवीकडे व डावीकडे हाडाची एकेक आखूड, जाड दांडी असते. तिला पेडिकल म्हणतात. मणक्याचा हा सर्वांत मजबूत भाग असून त्यातून गेलेला स्क्रू मणक्याला पुढून-मागून धरतो. कमरेच्या मणक्यात साधारणतः ५.५ ते ७.५ मिलिमीटर जाडीचे व ३५ ते ५५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू वापरतात. पेडिकलच्या आतल्या बाजूस मज्जारज्जूचे आवरण आणि खालच्या बाजूस नस असते. म्हणून स्क्रू दोन-तीन मिलिमीटर चुकीच्या दिशेने गेला तरी इजा संभवते. शस्त्रक्रियेच्या वेळी एक्स-रे यंत्र सतत का लागते, याचे उत्तर येथे आहे.

(आ) रॉड व इनर स्क्रू : स्क्रूंच्या डोक्यांतील खाचेत रॉड बसतो. त्याची जाडी बहुधा ५.५ किंवा ६ मिलिमीटर असते. वरून लहान इनर स्क्रू आवळून तो पक्का करतात. कमरेचा नैसर्गिक बाक राहावा म्हणून रॉड आधी वाकवून घेतात. टायटॅनियमचा रॉड वारंवार पुढे-मागे वाकवला तर त्यावर खाचा पडून त्याचे आयुष्य घटते.

(इ) केज : झिजलेली गादी काढल्यावर रिकाम्या जागेत केज बसवितात. ती उंची टिकविते, नसेवरील दाब कमी करते आणि तिच्या पोकळीत भरलेल्या हाडाला दोन्ही मणक्यांशी भेटण्याची वाट देते. शरीराचा बहुतांश भार कण्याच्या पुढच्या भागातून जातो. त्यामुळे त्या भागाला दिलेला हा आधार मोलाचा ठरतो.

(ई) प्लेट : मानेच्या मणक्यांत समोरून शस्त्रक्रिया करताना गादी काढून केज किंवा हाड बसवितात आणि त्यावर लहान प्लेट लावतात. सामान्य लोक मणक्यातील सर्वच साधनांना 'प्लेट टाकली' असे म्हणतात. प्रत्यक्षात कमरेत बहुधा स्क्रू आणि रॉडच असतात.

आता आरंभीचा कागद पुन्हा पाहू. दोन मणक्यांचा एक जोड म्हणजे प्रत्येक मणक्यात दोन याप्रमाणे ४ स्क्रू, दोन बाजूंना २ रॉड, प्रत्येक स्क्रूला एक याप्रमाणे ४ इनर स्क्रू आणि मध्ये १ केज. कागद बरोबर होता. मोडलेला किंवा क्षयाने पोखरलेला मणका असेल तर वर-खाली अधिक मणके धरावे लागतात व स्क्रूंची संख्या वाढते. हा साधा हिशेब समजला की कुटुंबाची अर्धी भीती जाते.

४. कोणता पदार्थ आणि का?

वैद्यकीय पोलाद (३१६ एल), टायटॅनियमचा मिश्रधातू, कोबाल्ट-क्रोमियम आणि 'पीक' नावाचे टणक प्लॅस्टिक हे चार पदार्थ प्रामुख्याने वापरात आहेत. टायटॅनियमच्या प्रचलित मिश्रधातूत ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असते.

'लोखंड सडेल का?' या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राचा अध्यापक सहज देऊ शकेल. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हवा लागताच ऑक्साइडचा अतिशय पातळ व घट्ट थर तयार होतो. तो थर आतील धातूचे रक्षण करतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. पोलादात हेच काम क्रोमियमचा ऑक्साइड करतो. मात्र शरीरातील क्षारयुक्त द्रवात पोलाद टायटॅनियमपेक्षा कमी टिकाऊ ठरते, शिवाय त्यात निकेल असते व काहींना निकेलची ॲलर्जी असते. पोलादाचे स्क्रू व टायटॅनियमचे रॉड असे मिश्रण टाळतात, कारण दोन भिन्न धातू व मध्ये क्षारद्रव म्हणजे एक लहानसा विद्युत घटच झाला. तो गंजण्याला वेग देतो. टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही व एमआरआयच्या चित्रातही तुलनेने कमी अडथळा आणते.

ताठरपणाचा मुद्दा भौतिकशास्त्राचा आहे. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूचा सुमारे ११०, पीकचा ३ ते ४, तर बाहेरील घट्ट हाडाचा साधारण १५ ते २० असतो. साधन हाडापेक्षा फार ताठर असेल तर भार साधनच उचलते, हाडावर भार येत नाही व ते दुबळे होऊ लागते. केज फार टणक व हाड ठिसूळ असेल तर केज मणक्यात रुतते. पीकचा वापर यामुळेच वाढला. परंतु पीकच्या पृष्ठभागावर हाड सहज चिकटत नाही आणि टायटॅनियमवर ते चिकटते, हा गुण स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांतून पुढे आला. म्हणून अलीकडे टायटॅनियमचा थर दिलेली पीक केज किंवा त्रिमितीय छपाईने बनविलेली सच्छिद्र टायटॅनियम केज वापरात आली आहे. प्रत्येक पदार्थात काही मिळते व काही द्यावे लागते. 'सर्वांत महाग ते सर्वांत चांगले' हे येथे खरे नाही.

हे धातू केवळ परदेशातूनच येतात असेही नाही. हैदराबादची 'मिश्र धातू निगम' ही सरकारी कंपनी वैद्यकीय वापराचे टायटॅनियम मिश्रधातू बनविते. टायटॅनियमचे खनिज असलेली काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणि केरळात आढळते.

५. धातूचा थकवा आणि हाडाची शर्यत

लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, ती तीस-चाळीस वेळा वाकवली की तुटते. यास धातूचा थकवा म्हणतात. आपण चालताना, उठताना, बसताना स्क्रूवर दर वेळी थोडा ताण येतो. म्हणून अशा साधनांच्या 'एएसटीएम एफ १७१७' या प्रमाणित चाचणीत नमुन्यावर ५० लाख वेळा भार देऊन पाहतात. हाड वेळेत जोडले गेले तर भार हाडाकडे जातो व साधन निवांत होते. हाड जोडले गेले नाही तर उत्तम धातूही एक दिवस सैल होतो किंवा तुटतो. ही हाड आणि धातू यांच्यातील शर्यत आहे, व तिचा निकाल बऱ्याच अंशी रुग्णाच्या शरीरावर अवलंबून असतो.

येथे आपल्या भागाशी थेट संबंध येतो. निकोटिनमुळे हाडाकडील रक्तपुरवठा घटतो व हाड न जुळण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. तेंदूपत्त्याच्या या मुलुखात बिडी घरोघरी आहे आणि गोंदिया-नागपूरकडून आलेला खर्राही आहे. खर्रा किंवा तंबाखूची पुडी धुराविना असली तरी निकोटिन त्यातही असते. लाखाचा स्क्रू बसवून पाच रुपयांच्या पुडीने त्याचे काम बिघडविणे, असा हा व्यवहार होतो. शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे व नंतर हाड जुळेपर्यंत तंबाखू पूर्ण बंद हवा. साखरेचा आजार ताब्यात असणे, पुरेसे प्रथिन व ड जीवनसत्त्व मिळणे, वृद्ध स्त्रियांत हाडांचा ठिसूळपणा आधी तपासणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

६. अस्थिरोपण आणि धार्मिक शंका

हाड कोठून आणतात, हा प्रश्न आपल्या समाजात हमखास विचारला जातो. सर्वांत जुना व आजही उत्तम मानला जाणारा स्रोत म्हणजे रुग्णाचे स्वतःचे हाड. कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावरून, किंवा शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या कमानीच्या तुकड्यांतून ते मिळते. दुसरा स्रोत म्हणजे अस्थिपेढीतील मानवी हाड. तिसरा, कॅल्शियम फॉस्फेटसारखे कृत्रिम पदार्थ. काही पदार्थांत प्राण्यांपासून मिळविलेले कोलॅजेन असते. कोणता पदार्थ वापरणार हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि शंका असल्यास स्वतःचे हाड वापरण्याची विनंती करता येते. शरई बाजूचे उत्तर उलेमांकडून घ्यावे. अध्यापकाने आधी वस्तुस्थिती स्पष्ट करावी, म्हणजे प्रश्न तरी नेमका जाईल.

महाग म्हणजे चांगले नव्हे, याचा एक धडा याच क्षेत्रात मिळाला. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी हाड तयार करण्यास प्रवृत्त करणाऱ्या प्रथिनाचा शोध मांडला. त्याच्या कृत्रिम रूपाला अमेरिकेत २००२ मध्ये कमरेच्या विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली व त्याचा खप झपाट्याने वाढला. २००८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने मानेतील वापरानंतर घशाला सूज आल्याच्या घटनांबद्दल इशारा दिला. २०११ मध्ये 'द स्पाइन जर्नल'ने आधीच्या अभ्यासांत दुष्परिणाम कमी दाखविले गेल्याचे मांडले. २०१३ मध्ये मूळ आकडेवारीच्या दोन स्वतंत्र फेरतपासण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत रुग्णाच्या स्वतःच्या हाडाच्या तुलनेत या प्रथिनाचा फारसा जास्त लाभ आढळला नाही.

नमाजाबद्दलही विचारणा होते. कमरेचा एक जोड बंद झाला तरी रुकूमधील वाकण्याचा मोठा भाग खुब्याच्या सांध्यातून होतो. त्यामुळे हाड जुळल्यावर बरेच रुग्ण पूर्ववत वाकू शकतात. तोपर्यंत डॉक्टरांनी वाकण्यास मनाई केली असेल तर बसून, इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत शरीअतने आजाऱ्याला दिलेलीच आहे. सवलत असताना हट्टाने वाकून साधन सैल करून घेण्यात पुण्य नाही.

७. शस्त्रक्रिया केव्हा आवश्यक, केव्हा नाही

मणक्याचा क्षयरोग : हा रोग आपल्याकडे अजून आहे. यात पहिला उपचार औषधाचा आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये 'मध्यम मार्ग' मांडला : सर्वांना औषध द्यावे आणि ज्यांना गरज आहे त्यांचीच शस्त्रक्रिया करावी. बहुसंख्य रुग्ण औषधांनी बरे होतात. पायांतील शक्ती जात असेल, औषध चालू असूनही बिघाड होत असेल, कुबड वाढत असेल, तर शस्त्रक्रिया लागते. लहान मुलांत रोग बरा झाल्यावरही कुबड वाढत राहू शकते, हे कोइम्बतूरच्या डॉ. एस. राजशेखरन यांच्या अभ्यासाने दाखविले. म्हणून मुलांची तपासणी वाढ पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी. संसर्ग असताना धातू कसा बसवितात, अशी शंका येते. क्षयाचे जंतू धातूवर इतर जंतूंप्रमाणे घट्ट थर करून बसत नाहीत, असे प्रयोगांत आढळले आहे. औषधे मात्र वर्षभर, काही वेळा दीड वर्ष घ्यावी लागतात. सरकारी केंद्रात ती विनामूल्य मिळतात व पोषणासाठी 'निक्षय पोषण योजने'तून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात.

अपघात : झाडावरून, छपरावरून पडणे, मोटारसायकलचा अपघात ही कारणे नेहमीची आहेत. मणका अस्थिर असेल तर स्क्रू-रॉडने तो लगेच धरता येतो व रुग्णाला लवकर बसविता येते. पण त्याआधीची पहिली चूक गावातच होते. पडलेल्या माणसाला हात-पाय धरून उचलतात. त्यास फळीवर किंवा दारावर, मान व पाठ एका रेषेत ठेवून, चार जणांनी एकदम वळवून घ्यावे. ही गोष्ट प्रत्येक वर्गात प्रात्यक्षिकाने शिकविण्यासारखी आहे.

सरकलेला मणका व नसेवरील दाब : पायात कळ, बधिरपणा, चालताना थांबावे लागणे, आणि औषध-व्यायामाने फरक न पडणे, असे असता शस्त्रक्रियेचा लाभ होतो. परंतु नस मोकळी करणे व मणके जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीडनमधील २४७ रुग्णांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नसेची जागा अरुंद झालेल्यांमध्ये नुसती नस मोकळी केलेले आणि त्यासोबत मणकेही जोडलेले यांच्या स्थितीत दोन वर्षांनंतर फरक आढळला नाही.

नुसती कंबरदुखी : येथे सर्वाधिक सावधगिरी हवी. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात निव्वळ कंबरदुखीसाठी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया संशोधनाव्यतिरिक्त करू नये, असे म्हटले आहे. एमआरआयमध्ये 'गादी झिजली' असे लिहून येणे हे चाळिशीनंतर दुखणे नसलेल्या लोकांतही सामान्य आहे. तो केस पांढरे होण्यासारखा बदल आहे.

मात्र लघवी-शौचावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसल्यास एक दिवसही न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे.

८. नियम, किंमत व हक्क

मुंबईतील जे. जे. रुग्णालयातील हृदयाच्या स्टेंटचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यानंतर, २००५ मध्ये केंद्र सरकारने अस्थी-प्रत्यारोपणांसह दहा साधनांना औषध कायद्याच्या कक्षेत आणले. 'वैद्यकीय साधन नियम २०१७' हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत धोक्यानुसार चार वर्ग आहेत. २०१५ पासून साधनांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालतो.

स्टेंट व गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या किमतीवर २०१७ मध्ये कमाल मर्यादा घालण्यात आली. मणक्याच्या साधनांना तशी मर्यादा लावलेली नाही. छापील किंमत वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे. म्हणून एकाच कामाच्या देशी व विदेशी स्क्रूंच्या किमतींत मोठी तफावत आढळते. 'आयुष्मान भारत' योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात व मध्यप्रदेशचे कार्ड अन्य राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही चालते. शेती गहाण टाकण्यापूर्वी १४५५५ या क्रमांकावर चौकशी करावी.

दूरच्या आदिवासी भागात ही सेवा पोहोचू शकते, याचे उदाहरण शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या शोधग्राम येथील माँ दंतेश्वरी रुग्णालयात, मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांच्या 'स्पाइन फाउंडेशन'चे शल्यचिकित्सक येऊन मणक्याचे रुग्ण तपासतात व शस्त्रक्रिया करतात. तज्ज्ञ गावाकडे आल्यास रुग्णाची जमीन वाचते.

सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत :
१) शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? वाट पाहता येईल का?
२) नुसती नस मोकळी करून भागेल की मणके जोडणे आवश्यक आहे?
३) किती मणके जोडणार, साधने किती व कोणत्या धातूची?
४) हाड कोठून घेणार?
५) कमी किमतीचे प्रमाणित देशी साधन चालेल का?
६) योजनेत बसते का?
७) साधनाच्या वेष्टनावरील क्रमांकाचा स्टिकर सुटीच्या कागदावर लावून मिळेल का? पुढे स्क्रू काढावा लागला किंवा साधन सदोष निघाले, तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

शक्य असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. प्रामाणिक डॉक्टरांना याचा राग येत नाही.

समारोप

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा मणका खरोखर पुढे सरकला होता व एका पायाची शक्ती कमी होत चालली होती. दुसऱ्या डॉक्टरांचे मतही शस्त्रक्रियेचेच आले. ती कार्डावर झाली, शेती राहिली. पण बिडी बंद करावी लागेल हे त्यांना तोपर्यंत कोणीच सांगितले नव्हते. ते सांगण्याचे काम मुलाने केले, कारण हाड व धातूची शर्यत त्याला समजली होती.

मणक्यातील स्क्रू हा चमत्कार नाही आणि शापही नाही. तो योग्य रुग्णात, योग्य वेळी, योग्य काळापुरता दिलेला आधार आहे. त्यात भौतिकशास्त्रातील भार आहे, रसायनशास्त्रातील ऑक्साइड आहे, जीवशास्त्रातील हाड आहे आणि अर्थशास्त्रातील किंमत आहे. आपल्या महाविद्यालयांत हे चारही विषय शिकविले जातात. ते एकत्र करून एका कुटुंबाचा कागद वाचून दाखविता आला, तर शिकविलेले कामी आले असे म्हणता येईल.